ग्लासगोच्या टोपीवर असईचा हत्ती

ग्लासगोत ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा केशरी शंकू कायम चढवलेला असतो. पालिकेने काढला की लोक पुन्हा चढवतात. सगळे त्या शंकूचा फोटो काढत होते. मी मात्र वाकून चौथऱ्यावरचं ब्राँझचं शिल्प बघत होतो, कारण ते असईच्या लढाईचं आहे. हो, आपल्या जालना जिल्ह्यातली असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढणारा आर्थर वेलस्ली तोच पुढे हा ड्यूक झाला.

त्या दिवशी त्याची ७४ वी हायलँड पलटण अक्षरशः कापली गेली. १८८१ मध्ये ती ७१ वीत मिसळून हायलँड लाइट इन्फंट्री झाली. ही खास ग्लासगोची पलटण. सॉकीहॉल स्ट्रीटवरच्या पलटणीच्या संग्रहालयात मी गेलो तो तिचे टोपीवरचे बिल्ले बघायला. पांढऱ्या धातूचा तारा, मधे बिगुल, वर मुकुट, ‘असई’ची पट्टी आणि तळाला चक्क हत्ती! स्कॉटलंडच्या थंडीत शिपाई हा हत्ती कपाळावर मिरवत फिरायचे, हे बघून मला हसूही आलं आणि थोडं टोचलंही.

ब्रिटिश बिल्ल्याचं वय काढायला आधी मुकुट बघतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या असतात. १९०१ नंतरचा, ज्याला ‘किंग्ज क्राउन’ म्हणतात, तो घुमटासारखा वर चढतो. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत पुन्हा मधोमध दबलेला मुकुट आला. आता २०२२ पासून चार्ल्स राजाने घुमटवाला परत आणलाय, म्हणजे पुढच्या पिढीच्या संग्राहकांची करमणूक पक्की.

खरी परीक्षा बॅरास बाजारात. शहराच्या पूर्वेला शनिवार-रविवारी भरतो; रेकॉर्ड, कपबशा, जुने कोट, कशाचा कशाला मेळ नाही. एका टेबलावर काळ्या मखमलीवर बिल्ले मांडलेले होते, त्यात हत्तीवालाही.

“पहिल्या महायुद्धातला आहे,” टेबलामागचे विक्रेते आजोबा म्हणाले. “मुकुट बघा, राजाचा.”

“आजोबा, त्या मुकुटाखाली चार राजे होऊन गेले!”

ते खळखळून हसले आणि बिल्ला माझ्या हातात देऊन म्हणाले, “मग पालथा करा.”

मला तरी पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजूच जास्त बोलकी वाटते. ठशाने दाबून काढलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यात पुढचा उठाव मागे खोलगट उमटतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, भरीव असते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. ताऱ्याच्या किरणांमधल्या फटी नीट कापल्यात का, टोपीत खोचायची पट्टी किंवा कड्या डाग देऊन कशा बसवल्यात, तेही बघायचं. पण जुनाच ठसा वापरून नंतर काढलेले बिल्लेही असतात, आणि तिथे डोळे पारखी असून भागत नाही. झीज बघावी लागते: पॉलिश घासून उंच भाग गुळगुळीत झालेत, पण खोल खाचा मात्र तीक्ष्ण, असं असायला हवं. आजोबांचा हत्ती सगळीकडून सारखाच गुळगुळीत होता. मी तो परत मखमलीवर ठेवला.

शेजारी बाकीची बिल्ल्यांची मंडळी होती. जिथे एरवी दोन धातू असायचे, तिथे निव्वळ पितळ: ही १९१६ ची युद्धकाळातली काटकसर. तपकिरी प्लॅस्टिकचा एक, दुसऱ्या महायुद्धातला, धातू वाचवण्यासाठी काढलेला. सोन्यासारखा चकाकणारा हलका एक अ‍ॅनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने वर टिकाऊ थर चढवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणजे साधारण १९५० च्या दशकापासूनचा. मुकुट दबलेला दिसला तरी अशा धातूवर तो व्हिक्टोरियाचा असूच शकत नाही.

शेवटी मी मशिनगन कोअरचा, म्हणजे ब्रिटिश सैन्यातल्या मशिनगनवाल्या दलाचा, बिल्ला घेतला. एकमेकींवर आडव्या दोन व्हिकर्स मशिनगन, वर घुमटवाला मुकुट. ही कोअर ऑक्टोबर १९१५ मध्ये उभी राहिली आणि १९२२ मध्ये मोडली, त्यामुळे चार राजांचा प्रश्नच मिटला. पाठ मात्र मी खिडकीच्या उजेडात नेऊन चांगली न्याहाळली. आजोबा म्हणाले, “आता बरोबर बघताय,” आणि किंमत काही कमी केली नाही.