लागुआर्दियाच्या कोटातलं जुनं हॉटेल बुक करण्यापूर्वी एवढं वाचा

रिओहाला, म्हणजे स्पेनमधल्या वाइनच्या मुलखात, जायचं म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो: लागुआर्दियात राहा, कोटाच्या आत, एखाद्या जुन्या वाड्याच्या हॉटेलात. सल्ला चांगला आहे. पण गाडी कुठे लावायची, बॅगा कोण उचलणार आणि शेवटी बिलात काय काय चढतं, यावर कुणी एक अक्षर बोलत नाही. आम्हाला त्याचाच ताप झाला, म्हणून आधी तेच लिहिते. निसर्गवर्णन नंतर, उरलं तर.

गाव टेकडीवर आहे, चारी बाजूंनी तटबंदी. नवाराचा राजा सांचो सहावा याने ११६४ मध्ये गावाला सनद दिली. वर सिएरा दे कांताब्रियाचे कडे, खाली एब्रो नदीपर्यंत द्राक्षमळे. आणि गावाच्या पोटात तळघरं, दोनशेहून जास्त. घराघराखाली खोदलेली, पूर्वी संरक्षणासाठी आणि धान्यासाठी, पुढे वाइनसाठी. वरची जमीन अशी पोकळ असल्यामुळे कोटाच्या आत गाड्यांना मज्जाव आहे. नियम योग्यच आहे आणि गल्ल्या त्यामुळेच इतक्या शांत आहेत. पण बुकिंगच्या पानावर ठळक अक्षरात 'पार्किंग उपलब्ध' लिहिलेलं असतं, तेव्हा ते कोटाबाहेरच्या गॅरेजात, रात्रीचे १८ युरो वेगळे देऊन, हेही तिथेच लिहायला हवं की नको? आमच्या हॉटेलने ते लिहिलं नव्हतं. गॅरेजच्या शंभर पावलं अलीकडे, तटाखालच्या रस्त्याला फुकट जागा रिकाम्या होत्या. त्या आम्हाला दुसऱ्या दिवशी दिसल्या.

आता तो चढ. गॅरेज ते वेस, वेस ते हॉटेल: अंतर नकाशावर किरकोळ दिसतं. पण रस्ता चढाचा, गल्ली दगडी, दगडांच्या मधल्या फटी नेमक्या बॅगेच्या चाकाएवढ्या. ताईच्या बॅगेचं एक चाक पहिल्याच वळणावर निखळलं. पुढे बॅग उचलूनच न्यावी लागली, दुपारी तीनच्या उन्हात, आणि त्या वेळी मदतीला गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हॉटेलात पोचलो तर लिफ्ट नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी, अरुंद, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. वाडा सतराव्या शतकातला असेल तर लिफ्ट नसणार हे समजण्यासारखं आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण विचारल्यावर 'हो, सोय आहे' असं उत्तर लेखी दिलं होतं, ती सोय म्हणजे एक मुलगा, आणि तो सहानंतर येतो.

तेव्हा माझं स्पष्ट मत: मोठी चाकाची बॅग घेऊन लागुआर्दियाच्या कोटात जाऊ नका. बिल्बाओ शहरात शेवटी परत येणार असाल तर ती तिथल्या हॉटेलात ठेवा आणि पाठीवर मावेल तेवढंच न्या. बुकिंगआधी मेलवर तीन प्रश्न विचारा: पार्किंग नेमकं कुठे आणि किती पैसे, खोली कितव्या मजल्यावर, आणि दुपारी दोन ते पाच रिसेप्शनवर कुणी असतं का. उत्तरं जपून ठेवा.

खोली मात्र पाहताच थकवा गेला. छताला काळ्या पडलेल्या तुळया, हातभर जाड भिंती, एसी नसूनही आत गारवा, आणि खिडकीची लाकडी दारं उघडली की समोर डोंगर. रस्त्याकडची खोली घेऊ नका, रात्री उशिरापर्यंत लोक खाली बोलत बसतात. डोंगराकडची मागून घ्या.

दुसरा फटका तळघरात. संध्याकाळी रिसेप्शनवरच्या बाई हसून म्हणाल्या, आमचं तळघर बघायला या. गेलो. दगडी जिना, ओलसर भिंत, दोन जुनी पिंपं, एकेक ग्लास क्रिआन्सा वाइन, पंधरा मिनिटं. निघायच्या दिवशी बिलात ओळ: वाइन चाखणे, दोघी, ३६ युरो. त्याखाली १० टक्के कर पुन्हा वेगळा लावलेला. स्पेनमध्ये ग्राहकाला सांगितलेल्या किमतीत हा कर, त्याला ते 'इव्हा' म्हणतात, धरलेलाच असायला हवा. ताई म्हणाली, "जाऊ दे गं, बिल्बाओ गाठायचंय अजून." मी म्हटलं, "ताई, पाच मिनिटं थांब, हे सोडायचं नाही." काउंटरवर जाऊन 'ओहा दे रेक्लामासिओनेस' मागितला. हा तक्रारीचा छापील फॉर्म, तो ठेवणं आणि मागितल्यावर देणं हॉटेलांना बंधनकारक आहे. फॉर्म आला नाही, नवं बिल आलं. चाखण्याची ओळ गेली, वरचा कर गेला. पार्किंग राहिलं, ते भरलं. 'ओहा दे रेक्लामासिओनेस', हे तीन शब्द पाठ करून जा.

तळघर बघायचंच असेल तर रीतसर बोदेगात, म्हणजे वायनरीत, पैसे भरून बघा. गावातच 'एल फाबुलिस्ता' आहे. नीतिकथा लिहिणारा सामानिएगो १७४५ मध्ये याच गावात जन्मला, त्याच्यावरून हे नाव. तिथे खरोखर खाली उतरवतात आणि समजावून सांगतात. या भागाची जुनी रीत म्हणजे घड देठासकट, न फोडता टाकीत टाकायचे. त्यातून होणारी त्याच वर्षाची ताजी वाइन फळाच्या चवीची आणि स्वस्त असते. माझ्या मते ती आधी प्या, मग महागड्या बाटल्यांकडे वळा. लेबलं वाचायला सोपी आहेत: लाल क्रिआन्सा दोन वर्षं मुरलेली, त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात, रेसेर्वा तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा पाच. नाशिकच्या वायनरीत आयत्या वेळी जाऊन चाखायची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं, इथे आगाऊ वेळ घेतल्याशिवाय बहुतेक दारं उघडत नाहीत. काढणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, तर नाहीच.

सांता मारिया दे लोस रेयेस चर्चचं आतलं प्रवेशद्वार चुकवू नका. चौदाव्या शतकातलं कोरीव काम, त्यावर सतराव्या शतकातले रंग. पुढे भिंत बांधून ते आत घेतल्यामुळे ऊनपाऊस लागला नाही आणि रंग टिकले. दोन्ही बाजूंना ओळीने प्रेषित उभे, मधल्या खांबावर बाळाला घेतलेली मेरी, तिच्या वस्त्राची किनार अजून लखलखीत. आम्ही दोघी तिथे किती वेळ मान वर करून उभ्या होतो कोण जाणे. आत सोडतात ते गाइडबरोबरच, वेळा पर्यटन कचेरीत विचारा.

जेवणाचं वेळापत्रक कडक आहे. दुपारी दोन ते चार, मग रात्री साडेआठ-नऊशिवाय स्वयंपाकघर सुरू होत नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी बरंच बंद. शाकाहारींनी 'सिन हामोन', म्हणजे 'हॅमशिवाय', म्हणायला शिकावं, नाहीतर भाज्यांच्या मेनेस्त्रातही हॅमचे तुकडे निघतात. साध्या सॅलडवर ट्यूना असतो. बटाट्याचा तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, बहुतेक ठिकाणी मिळतो, अंडं चालत असेल तर पोट भरतं. पावाचे पैसे वेगळे लागू शकतात, विचारून घ्या.

आरो, एल्सिएगो या जवळच्या गावांचे दिवस सुरळीत गेले. एल्सिएगोला फ्रँक गेरीने बांधलेलं २००६ चं हॉटेल बाहेरूनच बघा. गुलाबी, सोनेरी, चंदेरी पत्र्याच्या लाटा रस्त्यावरूनही दिसतात. २९ जूनला आरोजवळच्या डोंगरावर वाइनची लढाई असते (एकमेकांवर वाइन उडवतात), त्या आठवड्यात या भागात खोलीची आशा धरू नका.

गुडघे कुरकुरत असतील किंवा बॅग हलकी करणं जमणार नसेल तर सरळ जवळच्या लोग्रोन्योत राहा. सपाट शहर, लिफ्टवाली हॉटेलं, आणि संध्याकाळी काये लाउरेलच्या गल्लीत उभ्याने खायला पिंचो, म्हणजे छोटे छोटे खाद्यपदार्थ. तिथलं लोखंडी तव्यावर परतलेलं मशरूम प्रसिद्ध आहे, वर एक कोळंबी टोचलेली असते, ती नको म्हणून आधीच सांगा. लोग्रोन्योहून लागुआर्दिया अर्ध्या तासाच्या आत. विटोरिया शहराकडे जाणारी बस लागुआर्दियात थांबते, पण रविवारी आणि सणाला फेऱ्या कमी, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावर बघून घ्या.