धुळ्याची धूळ

मे महिन्यात धुळ्यात राहून ज्याने हातात फडकं घेतलं नाही त्याला धूळ काय असते ते कळणारच नाही. सकाळी टीव्ही पुसा, दुपारी वारं सुटलं की त्याच काचेवर बोटाने नाव लिहून घ्या. आई वैतागून म्हणते, "पुसीसन काय फायदा, परत बसस ना." आणि माझ्या डोक्यात तेव्हा हमखास बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, दुसरा अध्याय येतो, संडे स्कूलमध्ये घोकून घेतलेला, की देवाने जमिनीतल्या मातीचा माणूस घडवला आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला. म्हणजे फडक्याला जे लागतंय तेच आपलं मटेरियल!

गंमत बघा, पहिल्या अध्यायात देव नुसता बोलतो. प्रकाश होवो म्हणतो आणि होतो प्रकाश, सूर्य तर बिचारा चौथ्या दिवशी येतो. दुसऱ्या अध्यायात मात्र तोच देव सरळ मातीत हात घालतो. आणि त्यातलं १९ वं वचन लोक घाईत वाचून पुढे जातात, तिथे लिहिलंय की पशू आणि पक्षी पण मातीपासूनच घडवले. पोळ्याला शिंगं रंगवून झूल घालून उभा असलेला बैल आणि त्याच्याशेजारी सेल्फी काढणारे आपण, माल एकच. देवाच्या प्रतिरूपाचं म्हटलंय ते फक्त माणसाबद्दल, मान्य, पण म्हणून फार उडायचं कारण नाही, कारण बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा आहे ना, त्यात ज्यांना सुट्टी द्यायची त्या यादीत बैल आणि गाढव पण आहेत.

मग ही माती तरी आली कुठून? यशया संदेष्ट्याने देवाला कुंभार म्हटलंय, पण कुंभाराला माती आधी लागते. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या गोष्टीतला सृष्टी घडवणारा पण तसाच, आधीच पडलेल्या मालाला आकार देतो. ख्रिस्ती शिकवण इथे अडून बसली, म्हणाली माल पण त्याचाच, आधी काहीच नव्हतं. आता खरं सांगायचं तर उत्पत्तीत हे इतक्या थेट शब्दांत नाही. २ मक्काबीच्या सातव्या अध्यायात एक आई मरणाच्या दारात उभ्या मुलाला सांगते की देवाने हे सगळं आधीच्या वस्तूंतून बनवलेलं नाही, पण ते पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये, आमच्या प्रॉटेस्टंट घरातल्या पवित्र शास्त्रात नाही, आम्ही इब्री ११:३ वर भागवतो, जे दिसतं ते दिसणाऱ्या वस्तूंपासून झालेलं नाही म्हणणाऱ्या वचनावर. साधारण इ.स. १८० च्या सुमारास अंत्युखियाचा थिओफिलस आणि लियॉनचा इरेनियस या दोन बिशपांनी हा मुद्दा लावून धरला. इरेनियससमोर नॉस्टिक मंडळी होती, त्यांचं म्हणणं की माती, शरीर, हा सगळा कुठल्यातरी खालच्या दर्जाच्या देवाचा बिघडलेला कारभार, यातून सुटका करून घ्या. इरेनियस म्हणाला, छे, ख्रिस्ताला पाठवणारा आणि माती करणारा देव एकच. मला हा माणूस फार आवडतो, कारण आजही काही प्रचारक शरीराबद्दल असं बोलतात जणू ते गटारात सापडलंय. अहो, सहाव्या दिवशी देव 'फार चांगले' म्हणाला तेव्हा माती पण त्यातच होती की!

सृष्टीच्या वयाचा वाद मला फारसा पटत नाही. आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने १६५० मध्ये हिशोब मांडून सृष्टीची सुरुवात इ.स.पू. ४००४ काढली, ते अजून व्हॉट्सॲपवर फिरतं. आपली काळी माती ज्या खडकाची झाली तो लाव्हाचा खडकच साडेसहा कोटी वर्षांचा. चर्चचा जुना विचारवंत ऑगस्टिन सोळाशे वर्षांपूर्वीच म्हणून गेला की ते सहा दिवस आपल्या कॅलेंडरचे समजू नका. आणि स्तोत्र १०४ तर निर्मिती संपली असं म्हणतच नाही, देव श्वास काढून घेतो तेव्हा जीव मातीला मिळतात, आत्मा पाठवतो तेव्हा जमिनीचा चेहरा नवा होतो. जूनचा पहिला पाऊस पडल्यावर आठ दिवसांनी तापीकाठचं शेत बघा, कपाशीचं दोन पानी रोप वर आलेलं असतं.

मला खरी अडचण बायबलमधल्या लेवीय २५:२३ या वचनाची वाटते. तिथे देव स्वच्छ सांगतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे. आमच्या मंडळीत इतक्या वर्षांत या वचनावर उपदेश झाला असेल, पण बांधावरून भांडताना, हातात सातबारा धरून, ते कोणी म्हटलेलं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.