पडद्याचा दांडा

बार्देशातल्या त्या घरी मी गेलो होतो जुनं टेबल बघायला. ते वाळवीनं पोखरलेलं निघालं. परत फिरताना माजघराच्या दाराकडे लक्ष गेलं. पडद्याचा दांडा एका टोकाला काळाभोर आणि जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता. बिलियर्ड्स खेळायची काठी, म्हणजे क्यू! मावशींचे यजमान तारवटी, त्यांनी कधीतरी बोटीवरून आणलेला.

"तुका कित्याक जाय तो?" मावशी म्हणाल्या.

बुडाशी पट्टी होती: बरोज अँड वॉट्स, वॉल्टर लिंड्रम, ४१३७. पहिलं नाव क्यू बनवणाऱ्या कंपनीचं, दुसरं ऑस्ट्रेलियन बिलियर्ड्सपटूचं. लिंड्रमचा हा विक्रमी ब्रेक, म्हणजे पाळी न गमावता केलेले गुण, जानेवारी १९३२ मधला, लंडनच्या थर्स्टन हॉलमधला, प्रतिस्पर्धी जो डेव्हिस. म्हणजे क्यू त्याआधीचा नाही. पट्टी एवढंच सांगते, आणि ती उचकटून दुसऱ्या काठीला लावणारेही असतात. (पट्टी खऱ्या हस्तिदंताची असती तर मी हातच लावला नसता. त्याचा व्यापार आपल्याकडे कायद्यानं बंद आहे.)

म्हणून मी आधी जोड बघतो. हातानं केलेल्या जोडात बुडाचं काळं लाकूड आबनूस आणि पुढचं फिकट लाकूड अ‍ॅश जिथे भेटतात तिथली टोकं गोलसर वळतात, चारही अगदी सारखी नसतात. इथे ती करवतीच्या दातांसारखी टोकदार आणि एकसारखी होती. यंत्राचा जोड. खेळायला तो काही वाईट नाही, पण संग्राहक पैसे मोजतात ते हाताच्या जोडाला.

मग टेप लावली. साडेपंचावन्न इंच. असे क्यू साधारण सत्तावन्न-अठ्ठावन्न भरतात, म्हणजे टिप, टोकाची चामड्याची टोपी, बदलता बदलता पुढून कापत आणलेला. बुडावर १६½ ठोकलेलं होतं. तेवढे औंस म्हणजे ४६८ ग्रॅम. घरच्या काट्यावर भरला ४६३. कापलेल्या अ‍ॅशचं वजन तेवढंच असणार. बुडाशी कोणी छेडछाड केलेली नाही, हे बघून बरं वाटलं.

बाक मात्र आहे. पडद्याच्या वजनानं मधोमध झोळ पडलाय, टेबलावर लोळवला की टकटक वाजतो. मी कोणाला बोलणार? माझा पहिला क्यू मी भिंतीला टेकवून ठेवला होता, आषाढ संपेस्तोवर त्याचं धनुष्य झालं. तेव्हापासून सगळे टांगून ठेवतो.

मावशींना पैसे दिले, वर म्हापशाहून स्टीलचा दांडा. काल त्यांचा फोन आला: नव्या दांड्यावर कड्या अडकतात, पडदा सरकत नाही, जुना परत आणून दे.