ऑगस्टचं माप, जानेवारीचं माप

१७ जानेवारी, मोखाडा

तीन पाडे झाले आज. रात्रीचे साडेदहा वाजलेत, बोटं गारठलीत, तरी आत्ताच लिहून ठेवते.

शेवटच्या पाड्यावर आमच्या आहार कार्यक्रमाची ऑगस्टची यादी घेऊन अंगणवाडीत बसले होते. यादीत १९ मुलं, समोर ११. सेविकाताई एकेक नाव वाचायच्या आणि मूल दिसलं नाही की म्हणायच्या, "वीटभट्टीवर." आठ वेळा. "दिवाळी झाली की जातात मॅडम. कुणी भिवंडीकडं, कुणी वसईकडं. होळीला येतील, नाहीतर एकदम पावसाच्या तोंडावर."

समोरच्या ११ जणांचे दंडघेर घेतले. बहुतेकांचे वाढलेत. दीड वर्षाची एक मुलगी ऑगस्टमध्ये टेपच्या लाल पट्ट्यात होती, म्हणजे दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, तीव्र कुपोषित. आज १२.१ भरला. आजीने विचारलं, "बरी हाये ना आता?" मी हो म्हटलं. पोर खरंच बरी आहे. माझ्या हातातून टेप ओढून तिने तोंडात घातली, ऑगस्टमध्ये ती मान टाकून पडली होती.

पण ती आमच्या आहार कार्यक्रमाने बरी झाली का? अहवालात मला याच प्रश्नाचं उत्तर लिहायचं आहे, आणि आज रात्री तरी ते माझ्याजवळ नाही.

ऑगस्टमध्ये इथल्या घरांत काय असतं ते मी पाहिलंय. गेल्या वर्षीचा भात संपलेला, नागली डब्याच्या तळाशी, आई दिवसभर चिखलात, लहान बाळ सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्यात जुलाब, ताप. जानेवारीत घरात नवा भात असतो, नागली असते, वरई असते. आम्ही पाऊलही टाकलं नसतं तरी या मुलांचं वजन ऑगस्टपेक्षा वाढलंच असतं. किती, ते ठाऊक नाही. पावसाळ्यात पहिलं माप घ्यायचं आणि सुगीनंतर दुसरं, हे वेळापत्रक मीच मान्य केलं होतं. निधी जुलैत आला आणि अहवाल मार्चच्या आत हवा होता, म्हणून तसं ठरलं. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट निवडीची. आम्ही सगळ्यात हडकुळी मुलं निवडली. उपचारासाठी तेच बरोबर आहे. पण त्या दिवशी यादीत आलेल्यांपैकी काहींना नुकताच ताप येऊन गेला होता, काहींच्या बाबतीत टेप जरा जास्त आवळली गेली असणार. अशी मुलं पुढच्या मापाला आपसूक थोडी वर येतात. जे फार खाली सापडलं ते पुन्हा मोजलं की त्याच्या नेहमीच्या जागेकडे सरकतं. संख्याशास्त्राच्या वर्गात हे मी आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या उदाहरणाने शिकले, परीक्षेत लिहिलंसुद्धा. पाड्यावर ते ओळखायला मला नऊ वर्षं लागली.

आणि ती आठ मुलं. गैरहजर म्हणून त्यांच्यापुढे रेघ मारायची आणि ११ जणांची सरासरी काढायची, अशीच आमची पद्धत. सरासरी छान येईल. पण गेलेली घरं कुठली? ज्यांच्याकडे जमीन नाही, ज्यांनी पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतली होती, ती. राहिलेली मुलं त्यातल्या त्यात खाऊनपिऊन असलेल्या घरांतली. म्हणजे ज्यांची अवस्था सर्वांत वाईट, तीच मुलं आमच्या हिशोबातून गळतात आणि आकडा सुधारतो. याचा मला आज फार त्रास झाला.

१८ जानेवारी

सकाळी अंगणवाडीच्या रजिस्टरमधली दंडघेरांची पानं चाळली. ११.६, ११.६, ११.७, ११.६. ११.४ जवळपास कुठेच नाही. सेविकाताईंना हळूच विचारलं. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "लाल लिहिलं की पोराला दवाखान्यात भरती करायचं. आई येत नाही. घरी दुसरी दोन पोरं, रोज बुडतो. मग विचारणा मला होते." त्यांना दोष कसा देऊ? ज्या आकड्यासाठी माणसाला जाब द्यावा लागतो, त्याचं माप त्याच माणसाने एकट्याने घेऊ नये, एवढं मात्र पक्कं केलं. पुढच्या फेरीत दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकीचा आकडा दुसरीला न दाखवता.

२१ जानेवारी

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा १९९९ सालचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुन्हा काढला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी, शेजारच्या ४७ गावांत ती नाही. जन्ममृत्यूची नोंद मात्र दोन्हीकडे, आणि सेवा सुरू व्हायच्या आधीची दोन वर्षंही. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली. आधी हा लेख वाचताना मी ३९ गावांकडेच बघायची. या वेळी ४७ गावांपाशी थांबले. जिथे आपण काही देत नाही, तिथे जाऊन वर्षानुवर्षं प्रत्येक बाळाची नोंद ठेवायला केवढा धीर लागत असेल.

आमच्याकडे तुलनेची गावं नाहीत. लाल पट्ट्यातलं मूल दिसत असताना तुलनेसाठी त्याला उपाशी ठेवणं मला कधीच मान्य होणार नाही. पण कार्यक्रम पुढच्या वर्षी ज्या पाड्यांत जाणार आहे, तिथे यंदाच्याच ऑगस्टमध्ये मापं घेता येतील. लाल सापडेल त्याला लगेच पोषण पुनर्वसन केंद्रात पोचवायचं, बाकीच्यांची नोंद ठेवायची. ऑगस्टची तुलना ऑगस्टशी होईल. आज बैठकीत हे मांडलं. सरांनी विचारलं, "मग या वर्षीच्या अहवालात काय लिहायचं?" मी म्हटलं, मुलं सुधारली, पण कशाने ते या मापांवरून सांगता येत नाही, असंच लिहू. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

२५ जानेवारी, भिवंडीजवळ

सेविकाताईंनी मुकादमाचा नंबर मिळवून दिला होता. आठपैकी पाच मुलं सापडली. कच्च्या विटांच्या झोपड्या, आत धुराचा वास. पाचांपैकी तिघांचा दंडघेर ऑगस्टपेक्षा कमी भरला. सर्वांत लहान मुलाचा ११.१. त्याची आई विटा थापता थापता उठून आली, हात मातीने भरलेले, म्हणून मुलाला कोपराने माझ्याकडे सरकवलं. तिने काहीच विचारलं नाही.

इथून सर्वांत जवळची अंगणवाडी दोन किलोमीटरवर आहे. तिथल्या ताईंशी बोलले. त्या उद्या सकाळी येणार आहेत, मीही थांबतेय. बाकीची तिघं दुसऱ्या भट्टीवर आहेत म्हणे, वसईच्या बाजूला.