शेपूचा वाफा

आमच्याकडे शेपूवरून दोन पक्ष आहेत, आई आणि मी एका बाजूला आणि बाकी सगळं घर नाक धरून दुसऱ्या बाजूला. त्यामुळे परवा रात्री लॅपटॉपवर बाराशे वर्षांपूर्वीच्या एका मठाचा नकाशा झूम करकरून बघताना त्यात शेपूचा वाफा सापडला तेव्हा मी एकटाच हसत सुटलो.

नकाशा स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या कॅथलिक मठाचा, साधारण इ.स. ८२०-८३० च्या सुमाराचा. चामड्याचे पाच तुकडे शिवून केलेला, लाल शाईच्या रेघा. काढला रायखेनाऊ बेटावरच्या मठात आणि पाठवला सेंट गॅलनचे मठाधिपती गोझबर्ट यांना. तसा मठ तिथं कधी बांधलाच गेला नाही ती गोष्ट वेगळी, पण कागदावर, म्हणजे कातड्यावर, काही म्हणजे काही सोडलेलं नाही, चर्च, शाळा, बेकरी, बिअर बनवायच्या जागा, संडाससुद्धा.

माझा जीव मात्र भाजीच्या मळ्यात अडकला. नऊ-नऊच्या दोन ओळी, अठरा वाफे, प्रत्येकात लॅटिनमध्ये भाजीचं नाव. वरून कांदा, मग लीक, सेलरी, मग कोलिआंद्रुम म्हणजे आपली कोथिंबीर आणि तिला लागूनच आनेतुम, शेपू! समोरच्या ओळीत लसूण. पलीकडे वैद्याच्या घराजवळ औषधी झाडांचे वेगळे सोळा वाफे, त्यात मेथी, जिरं, बडीशेप, पुदिना, अख्खा आजीबाईचा बटवाच. संत बेनेडिक्टने भिक्षूंना घालून दिलेल्या नियमात चार पायांच्या प्राण्यांचं मांस फक्त आजाऱ्यांना, म्हणजे बाकीच्यांची सगळी भिस्त भाजीवर. मळ्याशेजारीच कोंबड्या आणि पाळीव हंसांची (गीज) गोल खुराडी, खत फार लांबून आणायला नको. दुसऱ्या बाजूला दफनभूमी आणि तिथं थडग्यांच्या मधेमधे सफरचंद, नाशपाती, अंजीर, अक्रोड. म्हणजे गेलेली माणसंही बागेच्या कामी. मला हे भयानक नाही वाटलं, उलट फार घरगुती वाटलं.

पण अठरा वाफ्यांवर एवढा मठ चालत नसतो. धान्य यायचं आजूबाजूच्या खेड्यांतून, आणि गंमत म्हणजे कित्येक खेडी इतिहासात पहिल्यांदा दिसतात ती मठाच्या दप्तरातच, कुणी जमीन दिली, कुणी काय देणं लागतो अशा नोंदींत. जर्मनीतलं फिलिंगेन आणि शेजारचं श्वेनिंगेन, दोघांचं नाव पहिल्यांदा येतं ते ८१७ मध्ये, सम्राट लुईने तिथलं उत्पन्न सेंट गॅलनच्या मठाला लावून दिलं त्या कागदात. आता ते जुळं शहर झालंय आणि २०१७ मध्ये त्यांनी १२०० वा वाढदिवस दणक्यात केला. सारा लावला त्या तारखेला केक कापायचा, काय म्हणावं!

सगळे असे गुमान देत बसले नाहीत. जवळच्या अ‍ॅपेनझेलचं नावच मुळी 'अबाटिस सेला', म्हणजे मठाधिपतींचं ठाणं, यावरून आलंय आणि त्याच अ‍ॅपेनझेलवाल्यांनी पुढे १४०३ आणि १४०५ मध्ये मठाधिपतींच्या बाजूच्या फौजांना लढाईत धूळ चारली. नाव मात्र बदललं नाही, ते आज तिथल्या चीजवर जगभर फिरतंय.

१८०५ मध्ये मठ बंद झाला. नकाशा वाचला तो निव्वळ काटकसरीमुळे. बाराव्या शतकात एका भिक्षूने त्याच्या कोऱ्या पाठीवर संत मार्टिनचं चरित्र लिहून काढलं आणि घडी घालून त्याचं पुस्तकच केलं, म्हणून तो ग्रंथालयात टिकला. फक्त चरित्र संपता संपता पाठीवरची जागा संपली, तेव्हा या गृहस्थाने चामडं उलटलं, पुढच्या बाजूच्या कोपऱ्यातली एक अख्खी इमारत खरवडून काढली आणि उरलेला मजकूर तिथं लिहिला. कसली इमारत होती यावर अभ्यासक अजून डोकं खाजवतायत. खुराडी शाबूत आहेत, शेपूही. आईला दाखवलं तर म्हणाली, वाफा लहान वाटतोय.