कर कमी होत गेला, संताप वाढत गेला

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की आपल्याला आठवतं ते शाळेतलं एक-दीड पान, त्यात बोस्टनचा चहा, 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही', आणि पुढच्याच ओळीत धाडकन १७७६. वाचून वाटतं की इंग्रजांनी करांनी लोकांना पार पिळून काढलं म्हणून लोक उठले. पण जरा तपशिलात गेलं की गंमत कळते, की लंडन पैशाच्या बाबतीत जवळपास दर वेळी माघार घेत होतं आणि भांडण मात्र चिघळत होतं.

१७६३ ला फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच्या डोक्यावर साधारण १३ कोटी पौंडांचं कर्ज होतं. युद्ध अमेरिकेतही लढलं गेलं, सैन्य तिथे ठेवायचंय, तर तिथल्या लोकांनी थोडा भार उचलावा, हे लंडनचं म्हणणं मला तरी अगदीच चुकीचं वाटत नाही. इंग्लंडमधला माणूस त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. पण अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचं म्हणणं वेगळं होतं, आमच्या आमच्या विधानसभा आहेत, कर आम्ही तिथे लावतो, तुमच्या पार्लमेंटमध्ये आमचा एक माणूस नाही मग तुम्ही कोण आमच्या खिशात हात घालणारे?

सुरुवात झाली मळीपासून, रम बनवायला लागायची ती. १७६४ च्या कायद्याने तिच्यावरचा कर गॅलनला ६ पेन्सवरून चक्क ३ वर आणला. तरी बोंब, कारण आधीचे ६ पेन्स कोणी भरतच नव्हतं, कस्टमवाल्याचा हात ओला केला की काम व्हायचं! आता खरोखर वसुली होणार होती, आणि पकडला गेलात तर ज्युरी नसलेल्या आरमारी कोर्टात खटला. मग १७६५ ला स्टँप ड्युटी आली, कोर्टाच्या कागदांवर, वर्तमानपत्रांवर, अगदी पत्त्यांच्या कॅटवर सुद्धा. म्हणजे वकील आणि छापखानेवाले हे दोघंच आधी दुखावले, ज्यांचा आवाज सगळ्यात मोठा. बोस्टनमध्ये स्टँप वाटपाचं काम मिळालेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला लटकवला आणि त्याने मुकाट काम सोडलं. १७६६ ला कायदा रद्द झाला, पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला की वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. माझ्या मते सगळं घोडं इथेच पेंड खातं.

पुढे १७६७ ला काच, कागद, रंग, शिसं, चहा यांवर कर, त्यावर बहिष्कार, १७७० मध्ये बोस्टनला सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले, आणि मग चहा सोडून बाकीचे कर मागे. चहावरचा का ठेवला? तर केवळ हक्क दाखवायला.

आणि १७७३ चा चहाचा कायदा तर चहा स्वस्त करणारा होता! आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीची लंडनमधली गोदामं न खपलेल्या चिनी चहाने भरली होती, कंपनी बुडायला आलेली, म्हणून तिला अमेरिकेत थेट माल विकायची मुभा दिली. पौंडभर वजनाच्या चहामागे ३ पेन्स कर धरूनही तो चोरून आणलेल्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता. यात चोरट्या मालावर गब्बर झालेल्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ होताच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण स्वस्त म्हणून प्यायलो की कर मान्य केल्यासारखं होईल ही भीतीही खरी होती, आणि या कंपनीने बंगालमध्ये १७७० च्या दुष्काळात काय केलं याचे दाखले तिकडच्या पत्रकांत दिले जात होते. १६ डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या लोकांनी बंदरातल्या तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात ओतल्या, ओहोटी होती त्यामुळे पाणी कमी, चहाचे ढीग जहाजाच्या कडेलाच साचायला लागले आणि पोरांना ते पसरावे लागले.

लंडनने शिक्षा म्हणून बोस्टनचं बंदरच बंद केलं आणि बोस्टन ज्या वसाहतीत आहे त्या मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचे नियमच बदलून टाकले. वाटलं होतं बोस्टन एकटं पडेल. झालं उलटंच, कनेक्टिकटहून मेंढरं आली, साऊथ कॅरोलिनाहून तांदूळ आला, सप्टेंबर १७७४ ला फिलाडेल्फियात १२ वसाहतींचे लोक एकत्र बसले. बहिष्कार पाळला जातोय का बघायला गावोगाव कमिट्या झाल्या आणि राज्य कोणाचं हा प्रश्न तिथेच अर्धा निकालात निघाला. राहिला वसाहतवाल्यांनी साठवलेला दारूगोळा. तो जप्त करायला १९ एप्रिल १७७५ ला इंग्रज सैन्य बोस्टनजवळच्या काँकर्डला निघालं, वाटेत लेक्सिंग्टनला पहाटे गोळी सुटली, पहिली कोणाची ते आजही कोणाला ठाऊक नाही.

एवढं होऊनही जुलैमध्ये वसाहतींकडून राजाला समेटाचा विनंती अर्ज गेलाच! राजा तिसरा जॉर्ज, त्याने तो हातातही घेतला नाही आणि त्यांना बंडखोर ठरवलं. तोवर सगळा राग पार्लमेंटवर होता, राजा भला माणूस आहे, मंत्री वाईट आहेत, असं चाललं होतं. जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली तक्रारींची यादी मात्र थेट राजाच्या नावाने आहे, २७ तक्रारी, आणि त्यात संमतीशिवाय लावलेला कर कितवा? सतरावा. शेवटच्या तक्रारीत म्हटलंय की राजाने आमच्यातच बंडाळी माजवली, आणि तो रोख आहे व्हर्जिनिया वसाहतीतल्या राजाच्या गव्हर्नरकडे, ज्याने आदल्या नोव्हेंबरात जाहीर केलं होतं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त.