डिआनीला जायचं तर आधी तिथी बघा

केनियातल्या मोंबासात, शाळेत किंवा दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या जोडप्याला आठवड्यात एकच पूर्ण सुटी मिळत असेल, तर ती डिआनीच्या किनाऱ्यावर घालवावी. मोंबासापासून दक्षिणेला साधारण ३० किलोमीटर. वाळू पिठासारखी बारीक आणि पांढरी, दुपारीही पाय फारसे पोळत नाहीत. तरीही तिथून वैतागून परतणारे बरेच असतात. पाणी ओसरलेलं असताना ते पोहायला उतरतात आणि भरती चढल्यावर प्रवाळाचे खडक बघायला निघतात.

उधाणाला या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत साडेतीन ते चार मीटरचा फरक पडतो. किनाऱ्याला समांतर प्रवाळाचा बांध आहे. मोठ्या लाटा त्याच्यावरच फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. ओहोटीला मात्र हाच आतला भाग गुडघाभर किंवा त्याहून कमी होतो, पोहायचं म्हटलं तरी पोट घासतं.

इथे कोकणातला जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणून सव्वाअकरा. मोंबासासाठी त्यात सुमारे साडेचार तास मिळवा. येणारी वेळ तिथल्याच घड्याळातली. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी चारच्या आसपास आणि ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास. अष्टमीला बरोबर उलटं: साडेदहाला भरती, दुपारी साडेचारला ओहोटी. दिवस ठरवायला एवढं पुरतं. मिनिटांसाठी मोबाइलवर मोंबासाच्या किलिंदिनी बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघावा.

दोघांना खडकही बघायचे आहेत आणि पोहायचंही आहे, तर पौर्णिमा-अमावास्या किंवा त्यानंतरचे एक-दोन दिवस धरावेत. सकाळी चालणं, दुपारी दोननंतर पोहणं. नुसतं डुंबायचं असेल तर भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे, पाणी फार हलत नाही. रविवारी स्थानिक कुटुंबांची गर्दी असते. ती आनंदी गर्दी असते, पण शांतता हवी असेल तर मधल्या वारी सुटी मागून घ्या.

मोंबासा हे बेट आहे, त्यामुळे दक्षिणेला जायला लिकोनी फेरी धरायची. शहरातून ‘फेरी’ असं ओरडणारी कुठलीही मटाटू (प्रवासी व्हॅन) धक्क्यापर्यंत नेते. पायी जाणाऱ्याला फेरी फुकट. पाणी ओलांडायला दहा मिनिटंही लागत नाहीत, वेळ जातो तो धक्क्यावर थांबण्यात. सकाळचा लोंढा लिकोनीकडून शहराकडे येतो, संध्याकाळी तो परत जातो. आपण दोन्ही वेळेला उलट्या दिशेने असतो, म्हणून साडेसहाला निघालं तरी त्रास होत नाही. फेरीवर फोटो काढायला मनाई आहे, मोबाइल खिशातच ठेवा आणि पाठीवरची पिशवी पोटाशी घ्या. फेरीची लोखंडी फळी काँक्रीटच्या उतारावर खरखरत टेकते, तिथला भाग कायम ओला आणि शेवाळी असतो. मागून पोत्यांनी लादलेल्या हातगाड्या येत असतात. घाईने उतरणारे तिथेच घसरतात. कडेने, सपाट पाय टाकत उतरायचं.

पलीकडे उकुंडाची मटाटू पकडायची. ही चौदा सिटांची गाडी भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे जवळजवळ भरलेल्या गाडीत बसा. भाडं चढण्याआधी शेजारच्या प्रवाशाला विचारावं, कंडक्टरला नव्हे. ५० आणि १०० शिलिंगच्या नोटा जवळ हव्यात, हजाराची नोट काढली की सुटे परत मिळेपर्यंत उतरायची जागा येते. तासाभरात उकुंडा येतं. तिथून समुद्राकडचा रस्ता तीनेक किलोमीटर, टुकटुकने जावं. बीच रोडला लागल्यावर उजवीकडे हॉटेलं आणि गालूचा किनारा, डावीकडे टोकाला कोंगोची जुनी मशीद. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी डावीकडे जावं, असं आमचं मत. नदी तिथे समुद्राला मिळते, गर्दी कमी आणि काठावर गोरखचिंचेचे प्रचंड बुंधे आहेत. आपल्याकडच्या किनारपट्टीवर तुरळक दिसणारी गोरखचिंच मूळची आफ्रिकेची, इथे ती रस्त्याच्या कडेलाही सहज उभी असते.

वेळ ठरवताना एक गोम आहे. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण अर्थ सकाळचे आठ. नावाड्याने ‘सा न्ने’, म्हणजे चार, सांगितलं तर तो दहा वाजता येणार. सहा तासांचा फरक डोक्यात ठेवा, नाहीतर ओहोटी हुकलीच.

खडकांकडे चालताना पायात रबरी तळाचे बूट हवेत, चपला नकोत. समुद्री गवतात काळे, लांब काट्यांचे समुद्री साळू बसलेले असतात. काटा ठिसूळ असतो, टाचेत जाऊन मोडतो. सुईने कोरत बसू नका, त्याचे आणखी तुकडे होतात. पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा. स्थानिक लोक त्यावर कच्च्या पपईचा चीक लावतात. सांध्याजवळ रुतला किंवा सूज चढत गेली तर डॉक्टरकडेच.

परत फिरायची वेळ पाणी चढायला लागल्यावर ठरवू नका. भरतीचे सहा तास सारखे नसतात. एकूण फरक ३.६ मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी जेमतेम ३० सेंटिमीटर चढतं, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या आणि चौथ्यात ९०-९०. शिवाय बाहेरचा वाळूचा पट्टा उंच आणि त्याच्यामागचा, किनाऱ्याकडचा भाग सखल. पायाखाली कोरडी वाळू दिसत असते तेव्हा पाठीमागे कमरेएवढं पाणी झालेलं असतं. तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेलाच तोंड किनाऱ्याकडे वळवायचं. शिंपले, तारामासे उचलू नयेत.

ऊन फसवं असतं. विषुववृत्त जेमतेम चार अंशांवर आहे आणि वाऱ्यामुळे चटका कळत नाही. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर आणखी जपा, या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते आणि नेहमीपेक्षा लवकर भाजते. पाण्यावर पालथं पडून मासे बघणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागचा भाग सर्वांत आधी भाजतो. अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट ठेवा.

किनाऱ्यावर होडीच्या फेऱ्या, लाकडी किल्लीसाखळ्या विकणारी मुलं मागे लागतात. नको असेल तर ‘हापाना, असांते’. ‘बादाये’, म्हणजे नंतर, असं चुकूनही म्हणू नका. तो शब्द दिल्यासारखा धरतात आणि संध्याकाळी आठवण करून देतात. होडी ठरवलीच तर भाडं माणशी की होडीचं, आणि परत आणण्यासकट की नाही, हे आधी बोलून घ्या.

वेगळा टॉवेल न्यायची गरज नाही. मोंबासात लेसोचा जोड मिळतो: एकाच कापडात दोन सारखे तुकडे, प्रत्येकावर स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं. मधून कापून शिवून घेतला की एक अंथरायला, एक पोहून झाल्यावर गुंडाळायला. वाळू सोडून रस्त्यावर आलं की अंग झाकलेलं बरं, मुस्लिम वस्तीचा भाग आहे. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, ओले कपडे कापडी पिशवीतच आणावेत.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी मनावर घेऊ नये. सकाळी उकुंडात म्बाझी आणि महाम्री मागा. म्बाझी म्हणजे आपली तूर, अख्खे दाणे नारळाच्या दुधात शिजवलेले. महाम्री म्हणजे वेलची घातलेली, तळून टम्म फुगलेली तिकोनी पुरी, चवीला किंचित गोड. दुपारी विआझी काराई: उकडलेला बटाटा पिवळ्या पिठात बुडवून तळलेला, वर चिंचेचं पाणी. बटाटाभजी कल्पून खाल्ली तर निराशा होईल, आवरण जाड असतं. भाजी मागताना ‘हतुली न्यामा, हतुली समाकी’ सांगावं: आम्ही मांस खात नाही, मासे खात नाही. नुसतं न्यामा नको म्हटलं तर मासे येऊ शकतात. रमजानात दिवसा या टपऱ्या बहुतेक बंद असतात, डबा न्यावा.

डबा माकडांसमोर उघडू नका. खाऊ पळवणारी ती करड्या रंगाची. काळी-पांढरी, लांब केसांची कोलोबस पानं खाऊन झाडावरच राहतात. त्यांच्यासाठी बीच रोडवर दोरीच्या शिड्या आडव्या बांधल्या आहेत, मान वर करून चालावं.

एप्रिल-मे पावसाचे. पुढे सप्टेंबरपर्यंत कुसी हा दक्षिणेचा वारा वाहतो आणि शेवाळाचे ढीग किनाऱ्यावर येतात. डिसेंबर ते मार्चचा कस्काझी चांगला. याच वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं इकडे यायची.

साडेचारला निघायचं. वर्षभर साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात पूर्ण अंधार होतो. अंधारात किनाऱ्याने चालू नये. लिकोनीच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना माबुयूची पुडी घ्या: गोरखचिंचेच्या बिया, साखरेच्या लाल पाकात घोळवलेल्या. चघळायच्या, बी थुंकायची. रंग बोटांना आणि लेसोला लागतो, लवकर जात नाही.